तीन रंगांतली काडी-माणसं: रास्ताफारी शैलीचं रेखाटन, पायरीपायरीनं

हणजूणच्या बुधवारच्या बाजारातून भाचीनं एक टोपी आणली. लोकरीची, लाल-पिवळी-हिरवी, आणि मागच्या काठाला काळ्या लोकरीच्या जटा शिवलेल्या. ती घालून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आत्या, असा माणूस काढायला शिकव ना. सोपा, काड्यांचा." मी काढला. एक गोल, पाच काड्या, वर टोपी. ती खूश झाली, पण माझं समाधान होईना. कागदावर माणूस दिसतच नव्हता. टोपी दिसत होती आणि तिच्याखाली हातपाय लटकत होते.

तेव्हापासून ही काडी-माणसं मी पुन्हापुन्हा काढत आले आहे. काडीचित्रात फार थोडं मावतं: डोकं, धड, दोन हात, दोन पाय. म्हणून त्या थोड्यात काय घ्यायचं ते आधी ठरवावं लागतं. भाचीची ती टोपी रास्ताफारी म्हणजे जमैकातल्या एका पंथाच्या धाटणीची. माझ्या मते रास्ताफारी माणूस तीन गोष्टींनी उभा राहतो: डोक्यावरच्या केसांचं वजन, ते पेलून ताठ राहिलेली मान आणि रंगांचा क्रम. हे जमलं तर नाकडोळे काढायची गरजच पडत नाही.

रंग कुठून आले

रास्ताफारी ही १९३० च्या दशकात जमैकात उभी राहिलेली श्रद्धा आहे. २ नोव्हेंबर १९३० रोजी इथिओपियात रास तफारी मकोन्नेन यांचा राज्याभिषेक झाला आणि ते सम्राट हैले सेलासी म्हणून ओळखले जाऊ लागले. 'रास' ही पदवी, 'तफारी' हे नाव. पंथाचं नाव तिथून आलं. जमैकावर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे वंशज तिथे गरिबीत दिवस काढत होते, आणि त्यांच्यातल्या काहींना दूरच्या सिंहासनावर एक काळा सम्राट बसलेला दिसला. त्यांनी त्याला देव मानलं आणि त्याच्या झेंड्याचे रंग आपले केले.

त्या झेंड्यात हिरवा वर, पिवळा मध्ये आणि लाल खाली असतो. रास्ताफारी टोप्यांवर, पट्ट्यांवर बहुतेक वेळा लाल वर दिसतो. दोन्ही क्रम चालतात, पिवळा मात्र मधला. लाल म्हणजे सांडलेलं रक्त, पिवळा म्हणजे आफ्रिकेचं सोनं, तिची संपत्ती, आणि हिरवा म्हणजे तिथली भूमी, तिथली झाडंपानं. चौथा रंग काळा, तिथल्या माणसांचा. तो जमैकात जन्मलेले काळ्या लोकांचे पुढारी मार्कस गार्वी यांच्या चळवळीतून आला; त्यांच्या संघटनेनं १९२० मध्ये लाल, काळा आणि हिरवा हे काळ्या लोकांचे रंग म्हणून जाहीर केले होते. म्हणून आपल्या चित्रातली काळी रेघ हाही एक रंगच आहे. ती शेवटी घाईनं ओढून टाकायची नाही.

इथे एक चूक फार होते. जमैकाचा झेंडा आणि रास्ताफारी रंग एकच समजले जातात. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाला तेव्हा फडकलेल्या झेंड्यात काळा, हिरवा आणि सोनेरी आहे, लाल नाहीच. दुसरी चूक म्हणजे माणसामागे लाल-पिवळ्या-हिरव्या आडव्या पट्ट्यांचा चौकोन रंगवणं. तो बोलिव्हियाचा झेंडा होतो! म्हणून हे रंग चौकोनात न मांडता अंगावर, कापडावर, विणीत आणावेत.

साहित्य

ए-फोर आकाराचा जरा जाड कागद, एचबी पेन्सिल, मऊ खोडरबर, पट्टी. लाल, पिवळा, हिरवा, तपकिरी आणि नारिंगी स्केचपेन. हातापायांसाठी काळा मार्कर, साधारण २ मिलिमीटर टोकाचा, आणि बारीक रेघांसाठी काळा वॉटरप्रूफ पेन. जेल पेन घेऊ नका, स्केचपेन लागला की त्याची शाई पसरते आणि पिवळा काळवंडतो.

छटांबद्दल थोडं. हा पिवळा लिंबाचा नाही, झेंडूचा आहे. बारा रंगांच्या डबीतला पिवळा बहुधा लिंबाकडे झुकलेला असतो. त्यावर नारिंगीचा अगदी हलका हात फिरवला की तो सोन्याकडे सरकतो. हिरवा पोपटी नको, वडाच्या पानाचा हवा. लाल कुंकवासारखा.

सांगाडा

पहिला माणूस १० सेंटीमीटर उंचीचा काढा, समोर बघत उभा असलेला. कागदावर पट्टीनं एक फिकट उभी रेघ मारा. हा आपला ओळंबा. डोक्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटीमीटर जागा मोकळी ठेवा, केसांना ती लागणार आहे. ही जागा विसरलात तर पुढे जटा कागदाबाहेर जातात, नाहीतर आखडतात.

वरून खाली असं मोजा: डोक्याचा गोल २ सेंटीमीटर, मान अर्धा, धड ३, पाय साडेचार. खांद्यांची आडवी रेघ अडीच सेंटीमीटर, कमरेची सव्वा. हात ४ सेंटीमीटर, म्हणजे कोपर बरोबर मध्ये आणि लोंबत्या हाताचं टोक कमरेच्या रेघेखाली सेंटीमीटरभर. गुडघा पायाच्या मध्यावर. पाऊल म्हणून सात-आठ मिलिमीटरची छोटी रेघ, दोन्ही पावलं किंचित बाहेर वळलेली. तळव्याला बोटं नकोत. अंगठ्याची एक चिमुकली रेघ दिली की हात जिवंत होतो.

आपल्याकडे काड्यांची माणसं काढायला बसलं की हात आपोआप वारलीकडे वळतो आणि टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण तयार होतात. इथे ते टाळा. धडासाठी एकच उभी रेघ आणि वर खांद्यांची दांडी पुरे. वारलीतल्या त्रिकोणी धडाला स्वतःची चाल आहे, ती या माणसाच्या अंगावर बसत नाही.

आता उभं राहण्याची ढब. डोक्यावर पाण्याचा हंडा घेतलेली बाई डोळ्यांपुढे आणा. तिची मान लांब होते, हनुवटी आडवी राहते, खांदे सैल पडतात आणि सगळा भार पाठीच्या कण्यातून सरळ खाली उतरतो. वर्षानुवर्षं वाढवलेल्या जटांनाही वजन असतं. डोकं ओळंब्यावर नेमकं बसवा, खांद्यांची रेघ दोन्ही टोकांना एक मिलिमीटरभर खाली झुकवा, आणि पाय कमरेपेक्षा जरा जास्त फाकवा. एवढ्यानं माणूस जमिनीवर पक्का उभा राहतो. खांदे वर उचललेले राहिले तर तोच माणूस घाबरलेला वाटतो.

जटा

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. इतका की एका कागदावर नुसती सहा डोकी काढून केसांचाच सराव करा.

हे केस म्हणजे वेशभूषा नव्हे. बायबलातल्या 'गणना' पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नाझीर व्रत येतं: व्रत चालू असेपर्यंत डोक्याला वस्तरा लावायचा नाही. अनेक रास्ताफारी लोक केस वाढवतात ते या व्रताला धरून. शिवाय त्यांना त्या केसांत सिंहाची आयाळ दिसते. आपल्याकडे 'जट' म्हटलं की देवाच्या भीतीनं डोक्यावर ओझं वागवणाऱ्या आणि त्यातून सोडवल्या गेलेल्या बायका आठवतात. जमैकात गोष्ट उलटी घडली. १९६३ च्या एप्रिलमध्ये माँटेगो बेजवळच्या कोरल गार्डन्स इथल्या चकमकीनंतर रास्ताफारी लोकांची धरपकड झाली. त्यांना मारहाण झाली आणि अनेकांच्या जटा जबरदस्तीनं कापल्या गेल्या. २०१७ मध्ये जमैकाच्या सरकारनं त्याबद्दल माफी मागितली. हे कळल्यापासून टोपीच्या काठाला शिवलेल्या जटा मला बघवत नाहीत. चित्रातली प्रत्येक जट डोक्यातूनच उगवलेली दिसली पाहिजे.

ते असं साधतं. डोक्याच्या गोलावर, कपाळाच्या उंचीवर, एक फिकट कमान काढा. ही केसांची हद्द. कमानीच्या वरच्या भागात सात ते नऊ ठिपके द्या, सारख्या अंतरावर नकोत. प्रत्येक ठिपक्यातून एक जट निघेल. ती आधी दोन-तीन मिलिमीटर वर किंवा बाहेर जाते आणि मग वळून खाली पडते. हे छोटं वळण राहून गेलं की केस चिकटवल्यासारखे दिसतात. फरक एवढ्याचाच आहे, पण चित्र त्यावरच तगतं.

प्रत्येक जट दोन समांतर रेघांची, रुंदी ३ मिलिमीटरच्या आसपास, टोकाला बोथट गोलाई. टोक अणकुचीदार केलं की साप दिसायला लागतो. नागमोडी वळणंही टाळा. जड दोरखंड जसा लोंबतो तशी जट लोंबते, एखाद-दुसऱ्या हलक्या वळणानं. लांबी वेगवेगळी ठेवा: दोन खांद्याच्या वर थांबलेल्या, तीन-चार छातीपर्यंत, एखादी कोपरापर्यंत.

पुढच्या जटा आधी पूर्ण काढा. मागच्या जटेची रेघ पुढच्या जटेला भिडली की तिथेच थांबवा आणि पलीकडून पुन्हा सुरू करा. रेघ रेघेला ओलांडून गेली की केसांचं जाळं होतं, थर दिसत नाहीत. शेवटी प्रत्येक जटेवर बारीक पेननं चार-पाच आडव्या तिरप्या खुणा द्या, मुळापाशी विरळ, टोकाकडे दाट. संपूर्ण जट काळी भरून टाकू नका. एका कडेला केसभर पांढरी फट ठेवलीत तर गोलाई येते.

दाढी हवी असेल तर हनुवटीखाली छोटा झुपका काढा. नाकडोळे नसलेल्या गोलाला तोंड कुठल्या बाजूला आहे हे सांगायचं काम ती दाढी करते. झुपका डावीकडे सरकवला की माणूस डावीकडे बघू लागतो.

टोपी

जमैकात या विणलेल्या टोपीला 'टॅम' म्हणतात. जटा आत गुंडाळून ठेवण्यासाठी ती असते, म्हणून तिचा आकार डोक्याचा नसतो, आतल्या केसांचा असतो. गाठोडं काढतोय असं समजा. कपाळावर ५ मिलिमीटरची घट्ट पट्टी, डोक्याच्या गोलाला लपेटून गेलेली. तिच्यावर डोक्याहून मोठा, मागे आणि एका बाजूला कलंडलेला फुगीर आकार. तळाशी तो पट्टीपेक्षा थोडा बाहेर लोंबला पाहिजे, तरच आत काहीतरी जड आहे हे कळतं.

रंगांचे पट्टे सरळ आडवे ओढू नका. टोपी गोलाकार विणलेली असते, तेव्हा पट्टेही तिच्या फुगवट्याबरोबर वळले पाहिजेत, वाटीला बाहेरून दोरा गुंडाळल्यासारखे. कपाळपट्टी काळी, मग हिरवा, पिवळा, लाल, ही मांडणी मला सगळ्यात आवडते.

रंग भरणं

रंगाआधी पेन्सिलच्या सगळ्या रेघांवर खोडरबर हलकेच दाबून उचला, रेघ जेमतेम दिसेल इतपत. पिवळ्याखाली शिसं राहिलं तर तो मळका दिसतो आणि वर रंग चढल्यावर ते पुसताही येत नाही.

क्रम असा: पिवळा, मग लाल, मग हिरवा, मग तपकिरी, अगदी शेवटी काळा. फिकटाकडून गडदाकडे गेलं की स्केचपेनची टोकं मळत नाहीत. दोन पट्ट्यांमध्ये केसाएवढी पांढरी फट सोडा आणि नंतर तिथे काळी बारीक रेघ घाला. लाल आणि पिवळा एकमेकांत उतरले तर नारिंगी होतो, ते खपून जातं; लाल आणि हिरवा भिडले तर चिखल होतो. पिवळा मध्ये असल्यानं तो धोका आपोआप टळतो.

चेहऱ्याचा गोल तपकिरी भरा. काडीचित्र आहे म्हणून डोकं पांढरं सोडायची सवय इथे मोडावी असं मला मनापासून वाटतं. ही श्रद्धा काळ्या माणसाच्या स्वाभिमानातून जन्मली. तिच्या माणसाचा चेहरा कोरा सोडणं बरं नाही. गोल भरला की डोळे-ओठ काढायचा मोह पडतो. जाड ओठ, लाल डोळे, दात विचकलेलं हसू यांतलं काहीही नको. अशा व्यंगचित्रांनी या लोकांचा पुष्कळ अपमान आधीच झालेला आहे.

तीन रंग एकत्र एकाच जागी पूर्ण येऊ द्या, टोपीवर किंवा कमरपट्ट्यावर. दुसरीकडे त्यांची छोटी आठवण पुरे, मनगटावरची पट्टी वगैरे. कपडे काढायचे असतील तर पांढरे किंवा खाकी. सगळ्या अंगावर तिन्ही रंग पसरले की नजर कुठे ठरत नाही आणि केसांवर घेतलेली मेहनत वाया जाते.

वादक

एक माणूस जमला की तिघांचं चित्र घ्या: न्याबिंगी ढोल वाजवणारे. रास्ताफारी प्रार्थनेत तीन ढोल असतात. सगळ्यात मोठा बास, जाड डोक्याच्या काठीनं वाजवायचा. मधला फुंडे, तो हृदयाच्या ठोक्यासारखी लय धरून ठेवतो. आणि लहान, चढ्या आवाजाचा रिपीटर, वरचं सगळं नक्षीकाम त्याचं. फुंडे आणि रिपीटर नुसत्या हातांनी वाजतात.

बसलेल्या माणसाचं धड तेवढंच राहतं, मांडी पुढे आडवी येते आणि नडगी खाली उतरते. म्हणून उंची १० वरून आठच्या आसपास येते. त्यात सव्वादोन सेंटीमीटरचं छोटं स्टूल द्या आणि पावलं जमिनीला टेकवा. फुंडे आणि रिपीटर गुडघ्यांमध्ये उभे धरलेले. बास मोठा, आडवा, त्याचं तोंड वादकाच्या हाताकडे. ढोल म्हणजे वर लंबगोल आणि खाली दोन तिरप्या रेघा. रंगांचे पट्टे इथे ढोलांवर घ्या आणि टोप्या साध्या ठेवा.

लय दाखवायला हात कामाला येतात. बासवाल्याची काठी वर थांबलेली, फुंडेवाल्याचे दोन्ही तळवे कातड्यावर टेकलेले, रिपीटरवाल्याचा एक हात वर आणि एक खाली. तिघांचे हात एकाच उंचीवर आले तर चित्र मुकं होतं.

नाचणारा माणूस

रेगे संगीत जमैकातलंच, २०१८ मध्ये युनेस्कोनं ते मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यात गिटारचा तुटक ठोका मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मध्ये पडतो. नाचणारं अंगही तसंच, दोन पावलांच्या मध्ये लटकलेलं. तोच क्षण पकडायचा.

धडाची रेघ १० ते १५ अंश पुढे झुकवा आणि कंबर तेवढीच मागे न्या. एक गुडघा कमरेच्या जवळपास उचललेला; दुसरा पाय जमिनीवर, गुडघ्यात किंचित वाकलेला. आता छाती आणि कंबर यांच्या मधल्या बिंदूतून ओळंबा सोडा. तो टेकलेल्या पावलावर उतरला पाहिजे. पुढे पडला तर माणूस तोंडावर आपटेल असं वाटतं. तेव्हा पाऊल सरकवा, धड नको. उजवा गुडघा वर असेल तर डावा हात पुढे. कोपरं काटकोनात, मुठी सैल.

जटा शरीराच्या मागून येतात. अंग खाली जातंय तर जटांची टोकं वर उडालेली. अंग डावीकडे वळतंय तर टोकं उजवीकडे राहिलेली. मुळं मात्र डोक्याबरोबर, ती हलत नाहीत. रेगे गायक बॉब मार्ली यांची मंचावरची छायाचित्रं समोर ठेवून फक्त केसांची दिशा बाणांनी टिपून काढा, चेहरा नको. दहा मिनिटांच्या या सरावानं जे कळतं ते सांगून कळत नाही.

आणखी काही माणसं

सगळे रास्ताफारी टोपीवाले नसतात. बोबो अशांती शाखेचे लोक डोक्याला घट्ट फेटा बांधतात आणि लांब झगा घालतात. केस दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी धड आणि पाय मिळून एकच लांब घंटेचा आकार, खाली दोन पावलं, वर उंच गुंडाळलेला फेटा, तीन-चार तिरप्या रेघांचा. ते झाडू बांधून विकण्यासाठी ओळखले जातात. हातात उभा झाडू दिला की माणूस लगेच ओळखू येतो.

बाई काढताना डोक्याला बांधलेलं कापड, मागे मोठी गाठ, आणि घोट्यापर्यंतचा घेरदार स्कर्ट. तीन रंग कापडाच्या घड्यांत घ्या.

चिलीम आणि धूर मी काढत नाही. गांजा त्यांच्या उपासनेत आहे हे खरं. तो शब्दसुद्धा आपल्याकडचाच, १८४५ पासून जमैकात नेलेल्या भारतीय मजुरांबरोबर तिकडे गेलेला. पण टी-शर्टांवर दुसरं काही उरलंच नाही, आणि मुलांबरोबर काढताना तर त्याची अजिबात गरज नाही. हाताला काम हवं असेल तर ढोल द्या, झाडू द्या, काठी द्या.

सिंह जमतो तो जटा जमल्यावर. चार काड्यांचे पाय, लांब आडवं धड, टोकाला झुपका असलेली शेपटी, आणि डोक्याभोवती त्याच बोथट टोकांच्या जटांची आयाळ. डोक्यावर मुकुट. सम्राटाच्या झेंड्यावरचा सिंह पुढच्या पंजात क्रूसाच्या टोकाची काठी धरतो. तिला तीन रंगांची फीत बांधा.

काळ्या रेघा झाल्या की कागद अर्धा तास तसाच राहू द्या. मग उरलेली पेन्सिल पुसा, नेहमी रंगाकडून कोऱ्या कागदाकडे, एकाच दिशेनं. ओळंब्याची रेघ सगळ्यात शेवटी, कारण ती पुसल्यावर माणूस कलला आहे असं वाटलं तर तपासायला काही उरत नाही.